साखरपाण्याचं डोकं

मी डोकं बोलतोय. दचकू नका. मला धड नाही, हातपाय नाहीत, आणि खरं सांगायचं तर मेंदूही नाही. मेंदूच्या जागी माझ्यात साखर आणि मीठ घातलेलं पाणी असतं. तरी बोलतोय. डोक्यात साखरपाणी असलेली कितीतरी माणसं बोलतात, मग मीच का गप्प बसावं?

माझा जन्म साच्यातला. दूरदेशीच्या कुठल्याशा सैनिकांच्या डोक्यांची मापं घेऊन मला ओतलं. पांढरट रंग, सरळ नाक, मिटलेले ओठ, डोळ्यांच्या जागी नुसत्या खळग्या. कान मात्र जीव लावून कोरलेले, कारण माझा सगळा जन्मच कानांसाठी होता. टाळूवर एक भोक आणि त्यावर फिरकीचं झाकण. शेंडी ठेवतात तिथे मला झाकण आहे.

दिल्लीला, देशाच्या दूरसंचार संशोधन आणि चाचणी केंद्रात मला नोकरी लागली. नाव मोठं असलं तरी काम समजायला सोपं आहे. बाजारात यायचा फोन असो की टॉवरवर चढायची पेटी, तिला आधी इथे यावं लागतं. इथे तिला तापवतात, गोठवतात, भिजवतात, हादरवतात, वरून खाली टाकतात आणि विजेचे झटके देतात. सासरी आलेल्या सुनेचीसुद्धा इतकी परीक्षा कुणी घेतली नसेल. टिकली तर पुढे जा, मोडली तर माहेरी.

माझं खातं वेगळं. फोन कानाला लावला की त्याच्या लहरी माणसाच्या डोक्यात किती शिरतात, ते मोजायचं असतं. जिवंत माणसाच्या डोक्यात सुई घालून मोजता येत नाही. माणसं तक्रार करतात. म्हणून मी. निळ्या स्पंजच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत मला बसवायचे, कानाला फोन लावायचे, आणि एक यंत्रहात टाळूतून बारीक सुई आत सोडून मोजमाप करायचा. किती फोन कानाला लागले याची गणती नाही. पण एकदाही पलीकडून कुणी ‘हॅलो’ म्हटलं नाही.

बोलायची ती फक्त पूर्णिमा. ती तिथली अभियंता, मूळची आमच्या आदिलाबादची. आता मी आदिलाबादला ‘आमचं’ म्हणतो, तेव्हा कुठे माहीत होतं! त्या सगळ्या इमारतीत मराठी बोलायला तिला दुसरं कुणी नव्हतं. मग ती झाकण उघडता उघडता माझ्याशीच बोलायची. “आज डब्यात पुन्हा दोडकाच हाय रे. काय करावं मानसानं?” दोडका म्हणजे काय ते मला आजही माहीत नाही, पण मराठी मी अशी शिकलो.

काही वर्षांनी माझ्या डाव्या कानामागे केसाएवढी चीर पडली. माझ्या जागी नवं डोकं आलं, गुळगुळीत, सोबत प्लास्टिकचा हातही असलेलं. मी कपाटावर गेलो. कुणी माझ्यावर हेल्मेट ठेवी, कुणी पावसाळी टोपी वाळत घाली. एकानं तर मला काळा चष्मा लावला आणि तो तसाच विसरून गेला. मोजमापाचं डोकं होतो, खुंटी झालो.

तेवढ्यात निंबझरीची तक्रार आली.

निंबझरी म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यात बाजारहत्नूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतलं कापूस-ज्वारीचं गाव. तिथे नवा टॉवर उभा राहिला होता, पण गावानं त्याच्या कुंपणाला कुलूप घातलं होतं. ‘टॉवरमुळे डोकी दुखतात,’ असं गावाचं म्हणणं. केंद्राचं काम असल्या शंकांची तपासणी करणं हेही आहे. वरिष्ठांनी विचारलं, “तिकडची भाषा कोणाला येते?” पूर्णिमानं हात वर केला. निघताना तिनं मला टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत भरलं. चीर तिनं आधीच लांबी भरून बुजवली होती. “चल,” म्हणाली, “तुझ्याशिवाय त्यांना काही दाखवता येनार नाही.”

स्टेशनवर एका पोलिसानं बॅग अडवली.

“बॅग में क्या है?”

“सर है, सर.”

“वो तो मैं हूँ ही. बॅग में क्या है, वो बोलो.”

“वही बोल रही हूँ, सर. सर है.”

त्यानं वैतागून चेन ओढली आणि मी नाकासकट बाहेर डोकावलो. बिचारा असा मागे उडाला, की त्याच्या बुटाची लाथ शेजारच्या कॅनला बसली. त्या कॅनमध्ये माझा मेंदू होता, म्हणजे केंद्रात मापून बनवलेलं, नासू नये म्हणून औषध घातलेलं पाणी. ते सगळं फलाटावर वाहून गेलं. मग धीर करून त्यानं मला काठीनं टकटक वाजवलं. “ये सर तो खाली है!”

“जी, सर,” पूर्णिमा म्हणाली.

आदिलाबादला तिच्या घरी एक मुक्काम झाला. तिचे वडील विठ्ठलराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी स्वतः चष्मा लावून मला नीट पाहिलं. “मुआयना, पाहणी करायला चालली, ठीक आहे. पण मौक्यावर गवाह लागतो धडधाकट. तुझ्या गवाहाला धडच नाही!” आई वनमालाबाईंनी मात्र जेवणाच्या वेळी मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. “कोणी असं टक लावून पाहिलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही,” म्हणाल्या. मला तर डोळेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निंबझरीत ग्रामपंचायतीसमोर चिंचेखाली गाव जमलं. मला टेबलावर ठेवल्याबरोबर पुढची रांग मागे सरकली आणि मागची रांग पुढे आली. सरपंच चंपतराव भले माणूस. त्यांना टॉवर हवा होता आणि गावाची नाराजी नको होती, म्हणून ते दोन्ही बाजूंना मान हलवत होते.

खरे पुढारी होते यशवंतराव. उंच, सडसडीत, पांढरा पटका आणि झाडणीसारख्या मिशा. टॉवर त्यांच्या वावराला लागून होता, कुलूप त्यांचं होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोट्याला होती.

पूर्णिमानं आधी, चाचणीपुरत्या दुरूनच चालू केलेल्या टॉवरखाली मोजणीयंत्र धरून दाखवलं. देशानं घालून दिलेली मर्यादा कुठे आणि काटा कुठे! काटा अगदी तळाशी झोपला होता.

“यंत्र तुमचंच,” यशवंतराव शांतपणे म्हणाले, “मापबी तुमचंच, अन् बरोबर हाय म्हननारे बी तुमीच. मंग आमी कायले आलो इथं?”

गाव हसलं. पूर्णिमा रागावली नाही. तिनं मला पुढे केलं आणि मी काय काम करतो ते सांगितलं. “काका, डोकं दुखते म्हनता ना, तं ते दुखतच असन. मी खोटं म्हनत नाही. पन ते टॉवरनं दुखते का, तेवढं पाहू.” गावात आल्याबरोबर तिची बोली पुरती घरची झाली होती.

यशवंतराव माझ्याभोवती एक फेरी मारून आले. “हे डोकं कुठलं?”

“बनवलेलं आहे.”

“कोनाच्या मापाचं?”

पूर्णिमा खोटं बोलणारी नव्हती. “परदेशी माणसांच्या.”

“घ्या!” यशवंतरावांनी मांडीवर थाप मारली. “थंड मुलखातलं डोकं हे. आमचं डोकं वैशाखात वावरात तापते, त्याच्यावर पटका असते, पटक्याखाली घाम असते. ह्या गोऱ्या डोक्याले आमच्या डोक्याचं काय समजते?”

पूर्णिमानं वही काढून तो प्रश्न लिहून घेतला. चिडून नाही, हुशार प्रश्न समोर आला की ती असाच लिहून घेते, हे मी केंद्रातही पाहिलं होतं.

“मंग काय करायचं, काका?”

“हे डोकं ठेवा आमच्या टावरखाली. ऊन खाऊ द्या आठ दिस, आमच्यासारखं. तुमच्या लहरी चालू ठेवा. डोक्यातलं पानी जसंच्या तसं राह्यलं, तं किल्ली तुमची. त्याले उकळी आली, तं टावर तुमचा, घेऊन जा.”

चंपतरावांनी दोन्हीकडे मान हलवली. पूर्णिमानं कबूल केलं. ठरलं असं, की टॉवर चाचणीपुरता चालू राहील, लहरी सुटतील, पण गाव ‘हो’ म्हणेपर्यंत गावातले फोन त्याला जोडले जाणार नाहीत.

आता मेंदू पाहिजे होता. तो तर फलाटावर वाहून गेलेला. तेव्हा यशवंतरावांची बायको रुख्मिणीबाई पुढे आल्या. बुटक्या, ठसठशीत, गुडघ्यावर हात ठेवून चालणाऱ्या. “साखर, मीठ अन् पानीच ना? मी आनतो करून,” म्हणाल्या, आणि घरातून भलामोठा माठ भरून घेऊन आल्या. पूर्णिमानं त्यातलं अर्धं माझ्यात ओतलं, झाकण लावलं आणि सगळ्यांसमोर त्यावर दोरा बांधला. उरलेलं माठातच ठेवायला सांगितलं.

“काकू, हा माठ घरात ठेवा, टॉवरपासून दूर. कोनी हात लावू नका. आमच्या केंद्रात कोनतीही चाचणी एकटी नसते, तिला जुळी बहीन असते. एक पानी टॉवरखाली, एक घरात. दोघांत फरक पडला तरच टॉवरचा दोष.”

“कोनी हात नाई लावनार,” रुख्मिणीबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या.

मग पूर्णिमा आदिलाबादला गेली आणि मी यशवंतरावांच्या ताब्यात आलो. दिवसभर टॉवरखाली एका उलट्या घमेल्यावर बसून असायचो. ऊन म्हणजे काय ते तेव्हा कळलं. केंद्रातल्या तापवायच्या खोलीत निदान बटण तरी असतं. शेळ्या येऊन माझा कान चाटून जात. मुंग्यांनी झाकणाभोवती फेर धरला होता. आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून “कसं वाटून राह्यलं बाप्पा?” असं विचारायचा. आयुष्यात प्रथमच कुणी माझी विचारपूस करत होतं.

संध्याकाळी यशवंतराव मला दुपट्ट्यात बांधत आणि घरी न्यायच्या आधी टेकडीवर जात. वर एक मोठा सपाट खडक होता. बाजारहत्नूरकडच्या टॉवरचा सिग्नल तेवढ्या खडकावर पोचायचा. त्यामुळे सांज झाली की अर्धं गाव त्या खडकावर. एक जण निजामाबादला मुलाशी बोलतोय, एक जण अडत्याशी कापसाच्या भावावरून भांडतोय, एक जण साडूशी सोयरीक जुळवतोय. सगळ्यांची बोलणी सगळ्यांना ऐकू यायची आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्याचं बोलणं अडलं की बाजूचा सुचवायचा, “त्याले सांग, आधी पोरगी पाहून घे म्हना.”

या दरबाराचे राजे यशवंतराव. खडकाच्या मधोमध त्यांची जागा ठरलेली. फोन ठेवला की माणूस त्यांच्याकडे वळायचा. “आता काय करू, दादा?” मग यशवंतराव मिशीवरून हात फिरवत निकाल द्यायचे. त्यांचं डोकं दुखताना मी तरी एकदाही पाहिलं नाही.

रोज त्यांनाही एक फोन यायचा. त्यांची मुलगी शीतल निजामाबादला सासरी होती, दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. मी दुपट्ट्यात यशवंतरावांच्या बगलेतच असायचो, त्यामुळे पलीकडचा आवाज मला स्वच्छ ऐकू येई. इतकी वर्षं कानाला फोन लावून बसलो आणि फोनमधून माणसाचा आवाज प्रथम ऐकला तो हा.

“बाबा, आईले द्या ना फोन.”

“आई खाली हाय बेटा. तिचा गुडघा माईत हाय ना तुले. टेकडी चढवत नाई.”

“मले भेव वाटून राह्यलं, बाबा. पोट एवढं कडक होते... कोनाले विचारू? सासूबाईले विचाराची लाज वाटते.”

यशवंतराव म्हणजे साऱ्या गावाच्या भानगडी सोडवणारा माणूस, पण या प्रश्नापुढे त्यांची पार गाळण उडाली. “काई नाई होत. तू... तू दूध पेत जा.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

घरी ओसरीवर रुख्मिणीबाई वाट पाहत बसलेल्या. “काय म्हने पोरगी?”

“मजेत हाय.”

“अजून?”

“अजून काय? मजेत हाय म्हनलं ना.”

 रुख्मिणीबाई बराच वेळ तांदळातले खडे वेचत राहिल्या, आणि मला वाटतं त्या तांदळात खडे नव्हतेच.

एका संध्याकाळी सगळे उतरून गेल्यावर यशवंतराव खडकावर थांबले. मला दुपट्ट्यातून काढून त्यांनी समोर बसवलं. “तुले सांगतो,” ते म्हणाले, “तुले तोंड नाई म्हनून सांगतो. टावर चालू झाला तं फोन घराघरात लागन. मंग इथं कोन येईन रे? मी काय घरी बसून भित्तीले सल्ले देऊ?” मग थोडं थांबून म्हणाले, “पोरीचंबी समजते मले. नाई समजत असं नाई. पन...”  मला मान असती तर मी हलवली असती.

इकडे माझ्या आत काहीतरी वेगळंच चाललं होतं. आधी गुदगुल्या झाल्या. मग बुडबुडे. मग डोकं जड वाटू लागलं, आणि हळूहळू मला उगाच आनंद व्हायला लागला. शेळी आली तरी हसू येई. मला वाटलं, विचार करणं म्हणतात ते हेच असावं.

ठरलेल्या दिवशी पूर्णिमा आली. टॉवरखाली सगळं गाव जमलं. तिनं मला उचललं, दोरा सोडला आणि झाकण नुसतं सैल केलं, तोच ‘फट्’ असा आवाज झाला. झाकण उडून चंपतरावांच्या टोपीवर आदळलं आणि माझ्या टाळूतून पांढरा फेस भसाभसा वर आला. नाकावरून, गालांवरून, कानांवरून ओघळू लागला.

“उकळी आली!” कुणीतरी ओरडलं. “डोक्याले उकळी आली बाप्पा!”

एकच कल्लोळ झाला. माणसं आपापली डोकी चाचपू लागली. एका आजीबाईंनी पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला आणि थेट घर गाठलं. यशवंतराव हात बांधून उभे, चेहऱ्यावर विजय. “पाह्यलं? हेच म्हनत होतो मी. बोलवा ट्रक, अन् उचला टावर.”

पूर्णिमा पांढरी पडली होती. पण तिनं माझ्या टाळूशी नाक नेलं, वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

“काकू, घरचा माठ आना.”

 रुख्मिणीबाई हलल्या नाहीत. यशवंतरावांचे हात मात्र सुटले.

“माठ कायले पाह्यजे?” ते म्हणाले. “त्यातलं तं मांजरीनं सांडलं.”

“हो,” रुख्मिणीबाई म्हणाल्या. “मांजर हाय खरी. मिशावाली हाय. पटका बांधते.”

गावाला आधी समजलं नाही, मग समजलं, आणि मग हसायला सुरुवात झाली.

“वावरातून आले की माठाजवळ,” रुख्मिणीबाई सांगू लागल्या. “म्या म्हनलं, अवो, हात नोका लावू, त्या पोरीची परीक्षा हाय ते. तं म्हनते कसे, ‘नुसतं शरबत तं हाय, आंबूस-गोड लागून राह्यलं, फसफस करते, जरा घेतो.’ घेता घेता माठ कोरडा! अन् मंग ओसरीवर बसून गाने म्हनते. तीस वरसं झाले लग्नाले, मले ह्यायचं गानं माईत नव्हतं!”

पूर्णिमा हसू दाबत म्हणाली, “काकू, त्या माठात आधी काय होतं?”

“मोहाचे फुलं भिजवले होते बैलासाठी. म्या धुतला ना पन, चांगला खंगाळला.”

पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. मोहाचं फूल आणि साखरपाणी वैशाखात एकत्र आलं की त्याची दारू होते, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही कळतं. माझ्या डोक्यात तेच झालं होतं आणि यशवंतरावांच्या माठातही तेच. एक टॉवरखाली, एक घरात. दोघांत फरक शून्य.

“जुळी बहीन पोटात गेली,” पूर्णिमा म्हणाली, “पन साक्ष देऊन गेली. काका, टॉवरचा दोष नाही.”

चंपतरावांनी पहिल्यांदाच एकाच बाजूला मान हलवली.

पण यशवंतराव किल्ली काढेनात. अपमान झाला होता, मिशा खाली आल्या होत्या, आणि हसणाऱ्या गावासमोर कोण वाकतं? ते नुसते टॉवरकडे पाहत उभे राहिले. हसणं हळूहळू विरलं. आता काय, म्हणून सगळे पाहू लागले.

तेव्हा रुख्मिणीबाई गुडघ्यावर हात ठेवून त्यांच्याजवळ गेल्या. हळूच बोलल्या, पण मी शेजारीच पूर्णिमाच्या हातात होतो, म्हणून मला ऐकू आलं.

“डोकं नाई दुखत तुमचं. मले माईत हाय काय दुखते ते.”

यशवंतरावांनी टेकडीवरच्या खडकाकडे पाहिलं.

“खडक कोन उचलून नेऊन राह्यलं? ज्याले तुमच्याजवळ यायचं तो येईन. नाई आला कोनी, तं मले हात धरून न्या, मी येतो. पन अवो, पोरीच्या कळा मोजाले मी पाह्यजे की तुमी? तुमाले काय समजते त्यातलं? दूध पेत जा म्हनता!”

“तुले कोन सांगतलं?” यशवंतराव चमकले.

“सारा खडक ऐकते. खडकावरून खाली माह्याजवळ येऊन सांगते. तुमीच तेवढे सांगत नाई.”

यशवंतरावांनी करदोट्याची किल्ली काढली. पूर्णिमाच्या नाही, त्यांनी ती रुख्मिणीबाईंच्या हातात दिली. कुलूप रुख्मिणीबाईंनी उघडलं.

त्याच सांजेला त्या घराच्या ओसरीवर पहिला फोन वाजला. रुख्मिणीबाईंनी तो दोन्ही हातांनी धरला, जणू तापलेलं भांडं. “हॅलो” म्हणायचं राहून गेलं, पलीकडून नुसतं “आई व...” आलं आणि इकडे डोळ्यांना धार लागली. मग बोलणं सुरू झालं ते संपेचना. कुठे दुखते, केव्हापासून, पाठीतून येते का, काय खाते, सासू काय म्हणते, वाकू नको, डाव्या कुशीवर नीज. यशवंतराव ओसरीभर येरझाऱ्या घालत होते. शेवटी फोन ठेवला गेला.

“काय म्हने पोरगी?”

रुख्मिणीबाईंनी पदरानं डोळे पुसले. “मजेत हाय.”

“अजून?”

“अजून काय? मजेत हाय म्हनलं ना,” असं म्हणून त्या चूल पेटवायला आत गेल्या.

तीन-चार दिवसांनी शीतलला मुलगी झाली. कळा सुरू झाल्यावर तिनं पहिला फोन आईलाच केला होता, आणि आईनं “आता थांबू नको, दवाखान्यात नीघ” म्हणून वेळेवर सांगितलं. डॉक्टरही म्हणाले, बरं झालं लवकर आलात.

तुम्हाला वाटेल, खडक ओस पडला असेल. यशवंतरावांची भीती खरी होती. आठवडाभर खडकावर ते आणि मी, दोघंच. पूर्णिमानं मला नेलं नव्हतं. मोहाचा वास काही केल्या जाईना, आणि असलं डोकं सरकारी केंद्रात परत नेलं तर लोक काय म्हणतील, असं तिला वाटलं. शिवाय यशवंतरावांनीच म्हटलं, “राहू द्या त्याले. ऐकून घेते, उलट बोलत नाई. असं मानूस भेटत नाई गावात.”

मग एके दिवशी एक सून वर आली. तिच्यामागून दुसरी. घरात सिग्नल आला, पण घरात सासूही होती! माहेरी मनातलं बोलायचं तर घरापेक्षा खडक बरा. त्यांच्यामागून कर्ते पुरुष आले, कारण बायकोसमोर काही हिशेब बोलता येत नाहीत. पंधरा दिवसांत दरबार पुन्हा भरला. फरक इतकाच, की आता लोक एकमेकांपासून लांब लांब बसून बोलतात आणि फोन ठेवला की जवळ येऊन सगळं सांगतात.

पूर्णिमा पुन्हा एकदा येऊन गेली. या खेपेला तिच्याकडे डोक्याचं माप घ्यायचं यंत्र होतं. यशवंतरावांचा तो प्रश्न तिनं केंद्रातल्या बैठकीत मांडला होता. उन्हात तापलेलं, पटका बांधलेलं, घामानं निथळणारं डोकं असेल तर मापात काही फरक पडतो का? पडत असेल तर किती? वरिष्ठांनाही उत्तर माहीत नव्हतं. उत्तर माहीत नसलं की शोधायचं, हेच तर त्या केंद्राचं काम. म्हणून आता इकडच्या माणसांच्या मापाचं एक नवं डोकं तिथे बनणार होतं, आणि पहिलं माप यशवंतरावांचं.

ते पटका काढून ताठ बसले. “मिशा धरता का मापात?”

“नाही, काका.”

“धरा ना. फोन लावला की मिशीलेच लागते आधी.”

पूर्णिमानं विचार केला आणि मिशाही मोजल्या.

आता ते डोकं तिकडे तयार झालं आहे. सुई त्याच्या टाळूतून उतरते, फोन त्याच्या कानाला लागतात. तो भाऊ मी पाहिलेला नाही, पण तो निळ्या खोलीत एकटा असणार, एवढं मला माहीत आहे. त्याला मराठी ऐकायला मिळत असेल, एवढीच इच्छा.

माझं म्हणाल, तर मी यशवंतरावांच्या ओसरीवर असतो. दिवसा माझ्यावर पटका वाळतो. शीतल लेकीला घेऊन माहेरी आली आहे; ती पोर माझं नाक धरून उभं राहायला शिकते आहे. मोजायला कुणी येत नाही, त्याचं वाईट वाटत नाही. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. शंका आली तर कुलूप घाला, हरकत नाही, पण मोजायला आलेल्या माणसाला चहा पाजून प्रश्नही विचारा. तुमच्या एका प्रश्नानं तिकडे नवं डोकं जन्माला येतं.

परवा पाहुणे आले होते. यशवंतराव मिशी पिळत त्यांना सांगत होते, “तुमाले काय सांगू, आजकाल दिल्लीले आमचंच डोकं चालून राह्यलं.”

आतून चहा घेऊन येणाऱ्या रुख्मिणीबाई दारातच थांबल्या.

“चालू द्या बाप्पा,” म्हणाल्या. “कुठं तरी चालून राह्यलं, हे का कमी हाय?”